सात वेळा सिग्नल

सूर्यभाननं एकाच कार्यक्रमात 'सिग्नल दे गं' सात वेळा म्हटलं होतं, ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. पूर्णा जंक्शनवर माझ्यासोबत ड्यूटी केलेला एकही माणूस त्यातून सुटलेला नाही. नवा साहेब बदलून आला की पहिल्या आठवड्यात त्याला चहा पाजायचा आणि ही गोष्ट ऐकवायची, हा माझा शिरस्ता होता. माझी बायको रेणुका म्हणते, "तुमी मेल्यावर यमालाबी हेच सांगताल." सांगीन की. यमानं तरी कुठं असा गाणारा ऐकलाय?

सूर्यभान लोको शेडमध्ये खलाशी होता, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस. दिवसभर कोळशाच्या इंजिनाखाली, आणि संध्याकाळी अंघोळ करून पांढरे बूट. पूर्णेत पांढरे बूट घालणारा तो पहिला, आणि इथला चिखल बघता बहुतेक शेवटचाच. केस मानेपर्यंत. एकदा रेल्वेच्या पासवर सिकंदराबादला गेला आणि जुन्या बाजारातून लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. शिकवायला कोण होतं? रेडिओवर जे लागेल ते ऐकायचा आणि क्वार्टरच्या ओट्यावर बसून तारा छेडत राहायचा. पहिलं वर्षभर शेजाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी तेच शेजारी घरातून खुर्च्या आणून समोर बसायला लागले.

मग त्यानं ऑर्केस्ट्रा काढला. न्यू ज्योती ऑर्केस्ट्रा. जुनी ज्योती कुठं होती हे कुणी विचारलं नाही. जयंतीला भीमगीतं, गणपतीत फर्माईश, लग्नात काय म्हणाल ते. गिटारवर भीमगीत म्हणणारा दुसरा माणूस आम्ही तरी पाहिला नव्हता. आणि मध्येच तो स्वतःची गाणी घुसडायचा. त्यातलं एक म्हणजे 'सिग्नल'.

*सिग्नल दे गं, सिग्नल दे,*
*उभा मी केव्हाचा, सिग्नल दे.*

एवढंच. पुढं दोन कडवी होती, पण ती कुणाला ऐकायची होती? सूर्यभान पहिली ओळ म्हणायचा आणि गिटारवर इंजिनाची शिट्टी काढायचा. हुबेहूब. रुळांवरून गाडी येतेय असं वाटून मागच्या बाया पोरांना जवळ ओढायच्या. बस, मैदान पेटायचं.

आम्ही तिघं त्याचे भक्त. मी बन्सीधर, कॅरेज-वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या दुरुस्तीत, खलाशी. बालाजी तिकीट खिडकीवर. आणि महारुद्र झरीचा, चांगल्या वीस एकराच्या घरातला. त्याचा रेल्वेशी संबंध इतकाच, की सूर्यभानचा कार्यक्रम असला की झरीहून जीपनं परभणी गाठायचा आणि तिथून विनातिकीट पूर्णेला यायचा. उतरला की तिकीट खिडकीत तोंड घालून बालाजीला सांगायचा, "आलो बरं का फुकट." बालाजी वरमायचा आणि मी हसून लोळायचो. जिंतूर, मानवत, गंगाखेड, जिथं कार्यक्रम तिथं आम्ही. माझ्या बापाला मी जयंतीच्या मांडवात बसतो हे पसंत नव्हतं. मी त्याला विचारायला गेलो नव्हतो.

जागाही ठरलेली. पहिली ओळ, स्टेजच्या डाव्या अंगाला. बालाजीनं हैदराबादेहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, आणला होता, तो त्याच्या मांडीवर. कोरी कॅसेट घालायची, लाल बटण दाबायचं आणि मग घसा फाटेपर्यंत ओरडायचं. सूर्यभान स्टेजवरून आमच्याकडं बोट करून म्हणायचा, "आली माझी वानरसेना." त्या एका वाक्यासाठी आम्ही दोन-दोन दिवस खाडे केलेत.

एकोणीसशे एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये, पूर्णेतल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यानं सिग्नल सात वेळा म्हटलं. त्यानंतर दीड महिन्यानं कावीळ झाली. बारा दिवसांत गेला. एकतीस वर्षांचा होता. मागं बायको कुसुमबाई आणि अकरा महिन्यांची पोरगी. मी आणि बालाजीनं खांदा दिला, आणि त्या दिवसानंतर मी काही महिने मैदानाच्या रस्त्यानं गेलोच नाही, लांबून वळसा घालून ड्यूटीवर जायचो. माणूस गेला की आठवण राहते म्हणतात. राहते, पण त्यानं भागत नाही.

कॅसेटी आठ होत्या. दोन कुणी नेल्या त्या परत आल्या नाहीत. चार उन्हानं आणि उंदरांनी खाल्ल्या. सातवी झरीत महारुद्रच्या लग्नात मशीननं गिळली. फीत आतड्यासारखी बाहेर आली आणि नवरदेव मुंडावळ्या बांधलेला खाली बसून पेन्सिलनं ती गुंडाळत होता. नवरी बाजूला उभी. शेवटी तुटलीच. उरली एक, आणि ती नेमकी सात वेळा सिग्नलची. मी ती ताब्यात घेतली आणि त्या दिवशी आम्ही तिघांनी कायदा केला, की ही कॅसेट वाजवायची नाही.

हसू नका. देवघरातली जुनी पोथी कोण रोज वाचतं? मी ती डांबरगोळ्यांबरोबर लाडवाच्या डब्यात ठेवली. दरवर्षी नऊ जूनला, सूर्यभान गेला त्या तारखेला, पप्पूच्या दुकानात आम्ही जमायचो. पप्पू म्हणजे स्टेशन रोडवरचा रेडिओ दुरुस्तीवाला. आता साठीचा आहे, टक्कल पडलंय, पण गाव त्याला पप्पूच म्हणतं. त्याच्या टेबलावर सूर्यभानचा फोटो, पुढं मेणबत्ती, फुलं आणि ती कॅसेट. चहा व्हायचा, गोष्टी व्हायच्या, सात वेळा सिग्नलची गोष्ट तर व्हायचीच. मग कॅसेट परत डब्यात. पाच वर्षांपूर्वी बालाजी गेला. तेव्हापासून त्याचा चहा आम्ही टेबलावर ठेवतो आणि शेवटी महारुद्र पितो.

आता जे सांगायचं ते सांगतो. कुसुमबाईनं ती कॅसेट माझ्याकडं दोनदा मागितली होती.

ती पोरीला घेऊन जिंतूरला माहेरी गेली होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, दुसरं लग्न केलं नाही, पोरीला शिकवून मास्तरीण केली. पेन्शनच्या कागदासाठी एकदा पूर्णेला आली तेव्हा माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, एकदा ऐकवा की. त्या कार्यक्रमात त्यायनं पोरीवरचं गाणं म्हटलं होतं. नवं केलं होतं. मी काई ऐकलेलं न्हाई."

मला असं कुठलं गाणं आठवत नव्हतं. पण सूर्यभाननं म्हटलेलं आणि मला ठाऊक नाही, हे मी कबूल करणार होतो होय? मी म्हणालो, "हाय की वहिनी, समदं हाय त्यात. पण जगात एकच उरलीय. तुटली तर काय करायचं? मी चांगलं मशीन बघतो, मंग तुमाला बलावतो."

बलावलं नाही. दुसऱ्यांदा तिनं फोन केला, दोन वर्षांपूर्वी. मी तेच सांगितलं. मागच्या माघात ती वारली.

जिंतूरला तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. चार माणसं बोलली, मीही उठलो, आणि काय बोललो असेन? सात वेळा सिग्नल. लोक हसले, टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर संघप्रिया जवळ आली. सूर्यभानची पोरगी. पस्तिशी ओलांडलेली, चष्मा, बापासारखंच रुंद कपाळ. म्हणाली, "काका, आई रोज झोपवताना मला त्या गाण्याची गोष्ट सांगायची. गाणं न्हाई, गाण्याची गोष्ट. आता तरी ऐकवताल का?"

मेलेल्या बाईच्या फोटोसमोर उभं राहून मी नाही म्हणू शकलो नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती एसटीनं आली. महारुद्र झरीहून आला होता, केसांना काळा रंग लावून, जणू कार्यक्रमालाच. पप्पूनं मशीनला नवा पट्टा घातला होता, हेड स्पिरिटनं पुसून ठेवलं होतं. संघप्रियानं सगळ्यांना जय भीम केला, पाणी प्यायली आणि स्टुलावर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

आता लगेच कॅसेट लावायची, तर मग आम्ही कसले? आधी पांढरे बूट झाले. मग सिकंदराबाद झालं. मग महारुद्रनं मानवतची गोष्ट काढली, जिथं लाइट गेली आणि सूर्यभान गॅसबत्तीच्या उजेडात दीड तास नुसत्या आवाजावर गायला. मी म्हणालो, मानवत नव्हे, गंगाखेड. त्यावर आम्ही दोघं भांडलो. आजकालच्या डीजेला शिव्या घालून झाल्या. छाती दणाणते, पण एक ओळ आठवत नाही, असं मी म्हणालो आणि महारुद्र म्हणाला, बरोबर हाय. पोरगी ऐकत होती. मध्ये मध्ये हसतही होती. तासाभरानं हळूच म्हणाली, "काका, आता लावायची का?"

"लावू की. बग, तुझा बाप काय चीज होता ते."

"मला ते एकच गाणं पायजे. बाकीचं न्हाई लावलं तरी चालंल. कॅसेट जुनी हाय म्हणता ना. त्या कार्यक्रमाच्या दिवशी मला गोवर निघाला होता, म्हणून आई गेली न्हाई. बाबा घरी आले तवा आईनं इचारलं, म्हटलं का पोरीचं गाणं? तर म्हणाले, म्हटलं. लोकायनं लय डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, मंग आता मला म्हणून दाखवा. तर म्हणाले, पोरीच्या वाढदिवसाला म्हणतो." तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझा वाढदिवस जुलैत असतो."

सूर्यभान जूनमध्ये गेला, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. पप्पूनं कॅसेट घातली. बी बाजू. त्यानं बोट बटणावर ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत ती पहिल्यांदा वाजणार होती. मी म्हणालो, दाब.

आधी नुसती खरखर. मग एकदम आवाज फुटला, आणि मी खुर्चीतून उठलोच.

"ही शिट्टी! ही शिट्टी माझी हाय!"

"आन् हे मी," महारुद्र म्हणाला. "आरं वाजीव, म्हणायलोय बग. मीच!"

आणि मग बालाजी हसला. अगदी कानाशी. तेच त्याचं खो-खो, मध्येच खोकला लागायचा ते. पाच वर्षांपूर्वी जाळलेला माणूस टेबलावरून हसत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी पुसलं नाही. महारुद्रनं माझा हात धरला. आम्ही दोघं म्हातारे तिथं पोरांसारखे हसत होतो आणि रडत होतो.

संघप्रियानं विचारलं, "बाबा कुठं हायत?"

आम्ही गप झालो आणि कान दिला. सूर्यभान होता. होता, पण नदीच्या पलीकडं कुणीतरी गात असावं तसा. गिटार कळत होती, चाल कळत होती, शब्द लागत नव्हते. त्याच्यावर आमचं ओरडणं, शिट्ट्या, बालाजीचं हसणं, खुर्च्या आपटणं. पप्पूनं दोन-तीन बटणं फिरवून पाहिली. मग मान खाली घालून म्हणाला, "मशीन मांडीवर व्हतं न तुमच्या. त्याला जवळचं आधी ऐकू येतंय. तुमी वरडलाव की ते लांबचा आवाज दाबतंय. त्याला माझ्याकडं काई इलाज न्हाई."

"पुढं येईल," मी म्हणालो. "मधी शांत व्हतं पब्लिक. पुढं लाव."

कार्यक्रमानंतर ही कॅसेट आम्ही पुष्कळदा ऐकली होती, हे खरं. पण कशी ऐकायचो? बटण दाबून फीत पळवायची, थेट सिग्नलवर. त्याच्या आधी काय आहे, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं.

पप्पूनं थोडी पुढं नेली. आणि खरंच, लोक शांत झालेले होते. कुणाचं तरी लेकरू रडत होतं. आणि मग सूर्यभानचा आवाज आला. स्वच्छ. काल बोलल्यासारखा.

"ऐका. आज एक नवं गाणं हाय. माझ्या पोरीवर केलंय. अजून तिच्या मायनंबी ऐकलं न्हाई."

संघप्रियानं तोंडावर हात ठेवला. छत्तीस वर्षांची बाई, बापाचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती, आणि त्याचे पहिलेच शब्द तिच्याबद्दल होते. गिटार सुरू झाली. हळू. सूर्यभान इतकं हळू वाजवू शकतो हे मला माहीत नव्हतं. शिट्टी नाही, इंजिन नाही, एकेक तार.

*हळू चाल, पोरी…*

"ए, सिग्नल! सिग्नल लाव! रडगाणं नको!"

दुकानात कुणी बोललं नव्हतं. ते टेपमधलं होतं. अगदी जवळून, सगळ्यांपेक्षा मोठा आवाज. बालाजी हसला. महारुद्रनं शिट्टी मारली. मागून कुणीतरी धरलं, सिग्नल, सिग्नल, आणि मग सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणायला लागलं.

सूर्यभानचा आवाज आला, "जरा गप बसा रे भाऊ. एवढं एक गाऊ द्या. मंग सिग्नल म्हणतो की."

*हळू चाल…*

"सिग्नल! सिग्नल! वन्स मोअर!"

पुन्हा तोच आवाज. न म्हटलेल्या गाण्याला वन्स मोअर. गिटार थांबली. एक क्षण गेला असेल, दोन गेले असतील. मग सूर्यभान हसला. ते हसणं मी ओळखतो. साहेबानं रजा नाकारली की तो असाच हसायचा.

"बरं," तो म्हणाला. "तुमचंच ऐकतो."

आणि इंजिनाची शिट्टी वाजली. मैदान पेटलं.

पप्पूनं बटण दाबून मशीन बंद केलं. रस्त्यावरून एक ऑटो गेला. कुणीही कुणाकडं पाहत नव्हतं. पुढं काय आहे ते मला पाठ होतं. एकदा, दोनदा, तीनदा, सात वेळा. दर वेळी संपलं की आम्ही परत मागायचो. तो आम्हाला खूश करत राहिला आणि त्या नादात वेळ संपली, मंडळाचा माणूस स्टेजवर येऊन आभार मानून गेला. ते दुसरं गाणं राहिलं. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, म्हटलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. आमचं नावसुद्धा काढलं नाही.

"परत लावा," संघप्रिया म्हणाली.

पप्पूनं मागं घेतली. तिनं परत ऐकलं. मग अजून एकदा. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले होते, आणि 'हळू चाल, पोरी' आलं तेव्हा तिचे ओठ हलले. मग माझं ओरडणं आलं आणि तिनं डोळे उघडले.

"हे रडगाणं नको म्हणणारे कोण हायत?"

महारुद्र पटकन म्हणाला, "बालाजी हाय त्यो. गेला बिचारा पाच वर्सं झाले."

मित्र असावा तर असा. त्यानं माझी सुटका करून ठेवली होती. मेलेल्या माणसाच्या माथी एक वाक्य मारलं तर त्याचं काय बिघडणार होतं? मी गप राहिलो. खोटं सांगत नाही, मी चांगला वेळ गप राहिलो. समोर बालाजीसाठी ठेवतो तो रिकामा कप होता. त्याच्या हसण्यानं मी मघाशी रडलो होतो.

"मी हाय तो," मी म्हणालो. "बालाजी न्हाई. मी हाय, बाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"वळखलं होतं मी, काका," ती म्हणाली. "आईच्या कार्यक्रमात तुमीच बोलला होता ना माईकवर. आवाज काई बदलला न्हाई तुमचा."

माफ कर म्हणालो बहुतेक. हात जोडले हे आठवतं. महारुद्र भिंतीकडं तोंड करून बसला होता. मी म्हणालो, "तुझ्या मायनं दोनदा मागितली व्हती. मी दिली न्हाई."

"बरं केलं," ती म्हणाली. "आई सुखात गेली. तिला वाटायचं, लोकायनं डोक्यावर घेतलं."

तिनं ते मला धीर द्यायला म्हटलं की नाही, मला माहीत नाही. पण मी कॅसेट दाबून ठेवली ती काही कुसुमबाईचं मन जपायला नव्हे. माझ्या लाडवाच्या डब्यासाठी ठेवली. सूर्यभान माझा आहे, एवढं मला गावाला दाखवायचं होतं. त्याच्या बायकोपेक्षा आणि पोरीपेक्षा जास्त माझा.

तिनं मोबाइल काढला आणि पप्पूला तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितलं. नवं गाणं हाय म्हणतो तिथून तिनं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं. 'हळू चाल, पोरी' झालं आणि माझं ओरडणं सुरू व्हायच्या आत तिनं बोट उचललं. नेमकं. तीनदा ऐकून तिला जागा पाठ झाली होती. बारा सेकंद मिळाले, पप्पू म्हणाला.

मी कॅसेट मशीनमधून काढली, कव्हरात घातली आणि तिच्यापुढं धरली. "घेऊन जा. ही तुझीच हाय. पहिल्यापासून तुझीच व्हती."

तिनं ती हातात घेतली. वरचं नाव वाचलं, बालाजीच्या अक्षरातलं. अंगठ्यानं एकदा पुसलं. मग परत माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली, आजारी माणसाच्या हातात गोळी द्यावी तशी.

"राहू द्या काका तुमच्याकडंच," ती म्हणाली. "बाबा यात थोडेच हायत. बाकी समदे तुमीच हाव."

तिला सोडायला मी बसस्टँडपर्यंत गेलो. महारुद्र आला नाही. परभणीची गाडी लागलेलीच होती. तिनं मला जय भीम केला, मी केला, आणि ती चढली. खिडकीची जागा मिळाली. कानात त्या वायरी घातल्या आणि मोबाइलवर मान खाली घातली. मला कळलं ती काय ऐकतेय. बारा सेकंद झाले की तिचा अंगठा हलायचा आणि परत पहिल्यापासून.

गाडी सुरू झाली. मी खिडकीपर्यंत पळत गेलो. काहीतरी म्हणायचं होतं, नऊ जूनला ये म्हणायचं होतं, की मला ती चाल आता आठवायलीय म्हणायचं होतं, कुणास ठाऊक काय. तोंड उघडलंही होतं. तिनं वर पाहिलं नाही. ती बापाला ऐकत होती.

मी गप बसलो.